पगार जास्त म्हणून की वय जास्त म्हणून? कपातीची यादी कशी वाचावी

प्रश्न असा आहे: नोकरकपातीत पंचेचाळिशी-पन्नाशीच्या पुढचे लोकच जास्त दिसतात. हा खरंच वयाचा भेदभाव आहे, की त्यांचे पगार जास्त असल्यामुळे हिशेबात तेच आधी सापडतात?

दोन्ही गोष्टी घडतात, आणि बऱ्याचदा एकाच यादीत घडतात. त्या वेगळ्या काढता येणारच नाहीत असं समजून चर्चा तिथे थांबते, ते मला पटत नाही. पूर्ण नाही, पण बऱ्याच अंशी वेगळ्या काढता येतात. फक्त ज्यांना नारळ मिळाला त्यांची नावं पाहून ते कळत नाही. ज्यांना ठेवलं त्यांची यादीही हातात लागते.

आधी यादी बनते कशी ते पाहू. वरून बहुतेक वेळा माणसांचा नव्हे, पैशांचा आकडा येतो: या विभागाचा पगारखर्च इतक्या टक्क्यांनी उतरवा. मॅनेजरपुढे दोन वाटा असतात. कमी पगाराचे सहा जण काढायचे, किंवा जास्त पगाराचे तीन. तिघांत भागत असेल तर सहा घरी कोण पाठवतं? इथवर वयाचा उल्लेखही नसतो. मग एचआरकडून गुणांचा तक्ता येतो: कामगिरी, कौशल्य, लवचीकपणा, पुढची वाटचाल, नव्या तंत्राशी जुळवून घेण्याची तयारी. यातली कामगिरी थोडीफार मोजता येते. ‘लवचीकपणा’ आणि ‘पुढची वाटचाल’ मोजायला काहीच माप नसतं, तिथे गुण देणाऱ्याच्या मनातलं चित्र उतरतं. त्या चित्रात पन्नाशीचा माणूस नवं शिकणारा नसतो. वयाचा पूर्वग्रह शिरतो तो या रकान्यांतून, आणि गुण देणाऱ्याला तो पूर्वग्रह वाटतही नाही.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण अमेरिकेतल्या नोल्स अणुप्रयोगशाळेचं. १९९६ मध्ये तिथे कामगिरी, लवचीकपणा आणि अत्यावश्यक कौशल्य या तीन निकषांवर मॅनेजरांनी गुण दिले, त्यात सेवाकाळाचे गुण मिळवले आणि ३१ जणांना काढलं. त्यातले ३० जण चाळिशीचे किंवा त्यापुढचे होते. म्हणजे सेवाकाळाचे गुण जमेस धरूनही ही अवस्था. २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात ठरवलं, की निकष वय सोडून दुसऱ्या वाजवी कारणावर बेतलेला होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची.

आता ‘ते महाग असतात’ या मुद्द्याकडे. हा मुद्दा खोटा नाही, अर्धवट आहे. एडवर्ड लाझिअर या अर्थशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये मांडलेली कल्पना इथे उपयोगी पडते. लांब पल्ल्याच्या नोकरीत माणसाला तरुणपणी त्याच्या कामाच्या मोलापेक्षा कमी आणि उतारवयात जास्त पगार मिळतो, म्हणजे मागचा भाग पुढे फेडला जातो. त्यामुळे माणूस टिकून राहतो आणि मन लावून काम करतो. पण याच रचनेत मालकाला एक मोह कायम असतो: फेडायची वेळ आली की माणूसच कमी करायचा. ‘पन्नाशीचा माणूस कामाच्या मानाने महाग’ असं म्हणताना त्याच्या पस्तिशीतला स्वस्तपणा कुणी हिशेबात धरत नाही.

कायद्याने मात्र पगार आणि वय यांत फरक केला आहे, आणि तो तक्रारदाराच्या फायद्याचा नाही. अमेरिकेत हेझन पेपर विरुद्ध बिगिन्स या १९९३ च्या निकालात ६२ वर्षांच्या कर्मचाऱ्याला पेन्शनचा हक्क पक्का व्हायला काही आठवडे उरले असताना काढलं होतं. न्यायालय म्हणालं, सेवेची वर्षं वेगळी आणि वय वेगळं. पेन्शन वाचवण्यासाठी काढणं हे पेन्शन कायद्याचं उल्लंघन ठरू शकतं, तेवढ्यावरून वयाचा भेदभाव सिद्ध होत नाही. म्हणून ‘माझा पगार जास्त होता म्हणून काढलं’ एवढीच तक्रार तिथे टिकत नाही. आपणच मालकाचा बचाव लिहून देतो.

मग यादी वाचायची कशी? एक काल्पनिक विभाग घेऊ. एकूण ६० माणसं. ४५ च्या पुढची २४, अलीकडची ३६. काढले १२, त्यात ९ ज्येष्ठ आणि ३ तरुण. ‘बारापैकी नऊ’ हा आकडा धक्कादायक वाटतो, पण तो एकटा निरुपयोगी आहे. प्रत्येक गटातले किती टक्के गेले ते पाहा: ज्येष्ठांतले ३७.५ टक्के, तरुणांतले सुमारे ८.३ टक्के. वय न पाहता चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर १२ मध्ये सरासरी ४.८ ज्येष्ठ निघाले असते. या मांडणीत प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून सहसा किती इकडेतिकडे होतात त्याचं माप) साधारण १.५३ येतं, म्हणजे ९ हा आकडा अपेक्षेपासून सुमारे २.७ विचलनं दूर आहे. दोन-तीनच्या पुढे गेलं की योगायोग हे स्पष्टीकरण अपुरं मानायचं, हा दंडक अमेरिकन न्यायालयांनी १९७७ पासून भेदभावाच्या खटल्यांत वापरला आहे.

आता सहा जणांची टीम घ्या, तीन ज्येष्ठ आणि तीन तरुण. दोघं काढले आणि दोघंही ज्येष्ठ. हे निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता पाचात एक आहे. लहान टीमच्या आकड्यांतून काही निघत नाही, कितीही चीड आली तरी. तिथे कागद शोधावे लागतात.

मोठ्या विभागातही आकडेमोड एवढ्यावर संपत नाही. पुढची पायरी म्हणजे समान श्रेणीत तुलना. वरच्या पगारश्रेणीतले ज्येष्ठ आणि त्याच श्रेणीतले तरुण यांच्यात फरक उरतो का? उरला, तर पगाराचं कारण लंगडं पडतं. नाही उरला, तर कपात खर्चाचीच होती असं मानायला जागा आहे. तीच चाळणी मूल्यमापनाच्या गुणांवर लावा. सलग आठ वर्षं ‘उत्तम’ असलेला शेरा कपातीआधीच्या शेवटच्या फेरीत घसरला असेल, तर तो एकट्याचाच घसरला की त्या वयाच्या सगळ्यांचा, हे बघणं महत्त्वाचं.

गट पाडतानाही फसगत होते. चाळीसच्या वर आणि खाली असे दोनच गट केले, तर चाळिशीतले टिकलेले लोक पन्नाशीच्या पुढचं नुकसान झाकून टाकतात. पिट्सबर्ग ग्लास वर्क्सच्या प्रकरणात २०१७ मध्ये एका अपील न्यायालयाने पन्नाशीपुढचा वेगळा गट पाडून तुलना करायला मान्यता दिली. अमेरिकेतल्या सगळ्या न्यायालयांना हे मान्य नाही. उलट बाजूनेही सावध राहा. आकडे पाहून झाल्यावर ४७ किंवा ५३ अशी सोयीची रेघ ओढली, तर समोरचा वकील पाच मिनिटांत ती पुसतो.

काही कपाती खरोखरच वयाच्या नसतात. अख्खं युनिट बंद झालं आणि सगळेच गेले, तर प्रश्न मिटला. जुन्या उत्पादनाची टीम गुंडाळली तर त्यात ज्येष्ठ जास्त असणारच. पण तिथे एक प्रश्न मी हमखास विचारेन: त्या टीममधले तरुण आधीच्या काही महिन्यांत दुसऱ्या प्रोजेक्टवर हलवले का? आणि कपातीनंतर तेच काम नव्या पदनामाने, कमी अनुभवाची अट घालून पुन्हा जाहिरातीत आलं का? जाहिरातीचा तारखेसह स्क्रीनशॉट त्याच दिवशी घ्यावा. नंतर ती मिळत नाही.

निवडीचा नियम बदलला की कुणाला झळ लागते तेही बदलतं. जर्मनीत कुणाला काढायचं हे ठरवताना सेवाकाळ, वय, पोसावी लागणारी माणसं आणि गंभीर अपंगत्व हे चार घटक मालकाला विचारात घ्यावेच लागतात. तिथे वय माणसाच्या बाजूने मोजलं जातं. भारतात ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी औद्योगिक विवाद कायदा १९४७ च्या कलम २५-जी मध्ये शेवटी आलेला आधी जाईल असं तत्त्व होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहिता २०२० मध्येही ते आहे. ज्येष्ठता मोडायची तर मालकाने कारण नोंदवायचं. म्हणजे पन्नाशीचे आधी जाणं हा काही निसर्गनियम नाही. मालकाला मोकळी निवड मिळाली, की तसं होण्याकडे कल असतो.

भारतातली अडचण वेगळीच आहे. खासगी नोकरीत वयाच्या भेदभावाविरुद्ध स्वतंत्र कायदा नाही, आणि मॅनेजर किंवा ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पगार असलेले पर्यवेक्षक ‘कामगार’ या व्याख्येबाहेर पडतात. पण पदनामावर जाऊ नका. रोजचं प्रत्यक्ष काम काय होतं, रजा मंजूर करण्याचे, माणसं नेमण्याचे अधिकार होते का, यावर ते ठरतं. ‘सीनियर मॅनेजर’ असं कार्डावर छापलेला माणूस दिवसभर स्वतः कोड लिहीत असेल, तर वाद घालायला जागा आहे.

आणि सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे मागितल्याबरोबर राजीनामा लिहून देणं. ‘रेकॉर्ड स्वच्छ राहील’ असं गोड बोलून तो घेतला जातो. राजीनामा दिला की कागदावर कपात झालेलीच नसते. मग कामगारालाही एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई मागता येत नाही. ग्रॅच्युइटी मात्र पात्र असाल तर राजीनाम्यानंतरही मिळते, ती देऊन कुणी उपकार करत नाही. दबाव असेल तर त्याच दिवशी ईमेलने कळवा: राजीनामा माझ्या इच्छेने नाही, मला कमी करायचं असल्यास तसं लेखी पत्र द्यावं.

अमेरिकेत असाल तर तिथला वयभेद-विरोधी कायदा १९६७ चा; २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना तो लागू होतो आणि चाळीस व त्यापुढच्यांना संरक्षण देतो. कंपनी जादा रकमेच्या बदल्यात दावा सोडून देण्याचा करार पुढे करते. सामूहिक कपातीत त्यावर विचार करायला ४५ दिवस आणि सहीनंतर माघार घ्यायला ७ दिवस द्यावेच लागतात. शिवाय त्या विभागातल्या निवडलेल्या आणि न निवडलेल्या सगळ्यांची पदनामं आणि वयं लेखी द्यावी लागतात. वरची आकडेमोड करायला लागणारी यादी ती हीच. लोक ती न वाचता मागच्या पानावर सही करतात! यादी अपुरी असेल तर वयाचा दावा सोडल्याची ती सही बंधनकारक राहत नाही, आणि घेतलेले पैसे आधी परत करायची अटही नाही, हे १९९८ च्या ऊब्रे प्रकरणात ठरलं आहे.

मुदतीत बरेच जण चुकतात. अमेरिकेत समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रार १८० दिवसांत करायची. राज्यात तसा कायदा आणि त्याची यंत्रणा असेल तर ३०० दिवसांत. मोजणी कामाच्या शेवटच्या दिवसापासून होत नाही, काढण्याचा निर्णय कळवला त्या दिवसापासून होते. तीन महिन्यांची नोटीस मिळाली असेल तर ते तीन महिने यातच खर्ची पडतात. सिद्ध करण्याची पायरीही उंच आहे: २००९ च्या ग्रॉस निकालानंतर ‘वयही एक कारण होतं’ एवढं पुरत नाही, वय नसतं तर काढलंच नसतं हे दाखवावं लागतं. म्हणूनच तिथे खऱ्या भेदभावाची प्रकरणंही हरतात. खटला हरला म्हणजे भेदभाव झालाच नव्हता, असा अर्थ काढू नये.

नोकरी गेल्यानंतरचा पुरावा तर जास्तच ठसठशीत आहे. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड न्यूमार्क आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४०,००० हून अधिक बनावट अर्ज पाठवले, वय सोडून बाकी पात्रता सारखीच. वयस्क अर्जदारांना कमी बोलावणी आली, आणि ही तूट स्त्रियांच्या बाबतीत सगळ्यात ठळक होती. इथे जास्त पगाराचा बचावही फारसा चालत नाही, कारण पगाराची बोलणी अजून झालेलीच नसतात.

शेवटी कागदांबद्दल. स्वतःची नेमणूकपत्रं, मूल्यमापनं, बढती-बोनसची पत्रं, कौतुकाचे ईमेल यांच्या प्रती नोकरी व्यवस्थित असतानाच जपून ठेवाव्यात. बातमी देतात त्याच तासात लॉगिन बंद होतं. ‘नवं रक्त हवं’, ‘निवृत्तीचा काय विचार?’ असली वाक्यं कोण, कधी, कुणासमोर बोललं ते तारखेनिशी टिपून ठेवा. पण कंपनीच्या गोपनीय फाइली उचलू नका. नॅशव्हिल बॅनर या अमेरिकन वृत्तपत्राच्या प्रकरणात ६२ वर्षांच्या कर्मचारी बाईंनी स्वतःच्या बचावासाठी अशा कागदांच्या प्रती घरी नेल्या होत्या. १९९५ मध्ये न्यायालयाने त्यांचा दावा जिवंत ठेवला, पण ही गोष्ट मालकाला कळली त्या तारखेच्या पुढचा थकीत पगार आणि नोकरीवर परत घेण्याची मागणी, दोन्हींवर साधारणपणे पाणी सोडावं लागेल असं सांगितलं.