समीक्षेतले जड शब्द पाठ करावेत का?

तुम्ही लिहिलंय की विज्ञान शाखेतली पदवी घेऊन आता एम. ए.ला साहित्य घेतलंय. समीक्षेचं पुस्तक उघडलं की ओळीगणिक एक अवघड शब्द आडवा येतो, 'विषय' आणि 'आशय' यांतला फरकही सांगता येत नाही, एकाच पाश्चात्त्य संज्ञेला मराठीत दोन-दोन शब्द सापडतात. तर हे सगळं पाठच करावं लागतं का?

पाठ करू नका. मी केलं होतं. जाड वही, डावीकडे शब्द, उजवीकडे व्याख्या. पहिल्याच परीक्षेत 'वक्रोक्ती'ची व्याख्या मी शब्द न शब्द बरोबर लिहिली आणि जेमतेम दोन गुण पडले. प्रश्न कुंतक या संस्कृत काव्यशास्त्रकाराच्या वक्रोक्तीवर होता, मी लिहून आलो होतो अलंकारातली.

हा घोळ नीट पाहा, कारण तुमची निम्मी अडचण त्यातच आहे. अलंकारांच्या यादीत वक्रोक्ती हा एक छोटासा अलंकार आहे: बोलणाऱ्याच्या शब्दांचा ऐकणारा मुद्दाम भलताच अर्थ लावतो, कधी श्लेषाने, कधी काकूने. (काकू म्हणजे इथे आवाजातला चढउतार, नात्यातली नव्हे.) कुंतकाने मात्र आपल्या ग्रंथाचं नावच 'वक्रोक्तिजीवित' ठेवलं. त्याच्या लेखी सरळ, व्यवहारातल्या बोलण्याहून काव्याचं बोलणं ज्या कौशल्याने वेगळं होतं ते सगळं वक्रोक्ती, अगदी अक्षरांच्या मांडणीपासून संपूर्ण प्रबंधाच्या (म्हणजे अख्ख्या काव्यकृतीच्या) रचनेपर्यंत. आणि आजचा एखादा समीक्षक कादंबरीवर लिहिताना 'आयरनी'साठीही (म्हटलं एक, अभिप्रेत त्याच्या उलट) हाच शब्द वापरून मोकळा होतो. शब्द एक, घरं तीन. म्हणून कुठलीही संज्ञा समोर आली की व्याख्या शोधण्याआधी मी विचारतो: हा शब्द कुठल्या घरचा, आणि कुठल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तो घडवला गेला?

एक वाक्य घेऊ, मीच रचलेलं: 'आजोबांची काठी कोपऱ्यातच होती, दुसऱ्या पावसाळ्यात तिच्यावर बुरशी आली.'

वाच्यार्थ काय? लाकडावर बुरशी आली, एवढंच. पण वाचताना तुम्हाला कळलं की आजोबा राहिले नाहीत, त्याला वर्ष उलटून गेलं, आणि काठीला तेव्हापासून कुणी हात लावलेला नाही. यातलं काहीच वाक्यात लिहिलेलं नाही. हा व्यंग्यार्थ, आणि तो देणारी शब्दाची शक्ती ती व्यंजना. नवव्या शतकात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त जो वाद घातला तो यासाठीच: हा न लिहिलेला अर्थ अभिधेने (शब्दाचा सरळ अर्थ देणाऱ्या शक्तीने) येत नाही, लक्षणेनेही येत नाही, तेव्हा तिसरी शक्ती मानावी लागते. लक्षणेचं शास्त्रातलं नेहमीचं उदाहरण 'गंगायां घोषः', गंगेवर गवळवाडा. प्रवाहावर वाडा उभा राहू शकत नाही, म्हणजे मूळ अर्थ अडला, म्हणून 'गंगेच्या काठावर' असा अर्थ घ्यायचा. आमच्या काठीच्या वाक्यात मात्र काहीच अडत नाही. बुरशी खरोखर येऊ शकते. तरीही दुसरा अर्थ उमटतो. लक्षणा आणि व्यंजना यांतला फरक मला चार व्याख्या वाचून कळला नव्हता, तो या 'अडण्या'वरून कळला.

तीच काठी पुढे चालवू. 'आजोबा घराला काठीसारखे होते' ही उपमा. 'आजोबा म्हणजे घराची काठी' हे रूपक, दोन्ही एकच मानले. मूळ वाक्यातली बुरशी आलेली काठी ही प्रतिमा: डोळ्यांना दिसते, हाताला ओलसर लागते. हीच काठी कथेत पुन्हा पुन्हा येत गेली, नातवाने ती उचलली, सुनेने ती माळ्यावर टाकली, आणि दर वेळी तिच्यावर अर्थाचा एक थर चढला, तर ती प्रतीक होते. प्रतीक एका ओळीत क्वचितच तयार होतं. विद्यार्थी (मीही त्यातलाच) कवितेत कबूतर दिसलं की 'शांतीचं प्रतीक' लिहून टाकतात, ते म्हणून खटकतं. आणि 'रूपक' या शब्दाचं आणखी एक घर आहे ते ध्यानात ठेवा: संस्कृत नाट्यशास्त्रात रूपक म्हणजे नाट्यप्रकार. 'दशरूपक' हे ग्रंथनाम वाचून दहा अलंकार शोधू नका.

आता विषय आणि आशय. विषय कृती वाचण्याआधीही सांगता येतो: म्हातारपण, मृत्यू, घर. आशय म्हणजे या एका कृतीत त्या विषयाचं जे झालं ते, आणि ते तिच्या शब्दांपासून सोलून वेगळं काढता येत नाही. या दोहोंच्या मधे आशयसूत्र बसतं, जे एका वाक्यात सांगता येतं: 'माणूस गेल्यावर घर त्याची वस्तू टाकूनही देत नाही आणि वापरतही नाही.' उत्तरपत्रिकेत लोक बहुधा विषय लिहितात आणि त्याला आशय म्हणतात.

'घाट' हा माझा लाडका शब्द. पश्चिमेकडच्या 'फॉर्म'ला आपल्याकडे रूप, आकृतिबंध, रचनाबंध असे प्रतिशब्द आहेत, पण घाट म्हटलं की भांडं डोळ्यांपुढे येतं आणि आतली पोकळीही घाटाचाच भाग आहे हे न सांगता कळतं. उलट बा. सी. मर्ढेकरांची 'भावनानिष्ठ समतानता' नुसती ऐकून कुणालाच कळणार नाही. तिचा प्रश्न पाहिला की उलगडते: दिसायला अजिबात सारख्या नसलेल्या दोन गोष्टी कवितेत शेजारी आल्यावर जुळतात त्या कशाच्या बळावर? त्या सारखीच भावना जागवतात म्हणून. संवाद, विरोध आणि समतोल ही मर्ढेकरांची लयतत्त्वंही अशीच वाचा. तिथे लय म्हणजे छंदाचा ठेका नव्हे, घटकांमधल्या संबंधांची रचना. 'लय' दिसली की मात्रा मोजायला बसणारे मी पाहिले आहेत.

प्रतिशब्द दोन-दोन का, याचं उत्तर बहुतेक वेळा अनुवादकाच्या आळसात नसून मुळातल्या वादात असतं. ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या व्याख्येत 'कॅथार्सिस' हा शब्द टाकला आणि पुढे समजावून सांगितलाच नाही. मराठीत कुणी 'विरेचन' म्हणतं, कुणी 'शुद्धीकरण'. विरेचन हा आयुर्वेदातला, पंचकर्मांपैकी एक: साचलेलं बाहेर काढून टाकायचं. शुद्धीकरणात भावना बाहेर जात नाही, राहते, पण निवळते. शब्द निवडला की पक्ष निवडला. करुण रसाच्या प्रश्नाशी हे लावून पाहा. 'नाट्यशास्त्र' लिहिणाऱ्या भरताच्या हिशेबात शोक हा स्थायीभाव (मनात मुळातच वसलेली भावना) आणि करुण हा रस. शोक भोगावा लागतो, करुणाचा आस्वाद घेता येतो. म्हणून 'कविता दुःखी आहे, सबब करुण रस' हे लिहिणं म्हणजे शास्त्र सुरू होतं तिथेच थांबणं. विभाव (भावना जागवणारी कारणं) कोणते, अनुभाव (ती बाहेर दाखवणाऱ्या खुणा) कोणते, त्यांच्या संयोगातून रस निघतो कसा, हा त्याचा खरा प्रश्न. (भरताने रस आठच सांगितले, शांत नंतर आला.)

कथात्म साहित्याचे शब्द तुलनेने सोपे आहेत, झटकन सांगतो. लेखक आणि निवेदक एक नसतात. काठीचं वाक्य मी लिहिलं, पण सांगतो आहे तो बहुधा नातू, आणि तो खोटंही बोलत असेल. अशा निवेदकाला 'अविश्वसनीय निवेदक' म्हणतात, ही संज्ञा अमेरिकन समीक्षक वेन बूथने १९६१मध्ये रूढ केली. कथा आणि कथानक यांतला फरक इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरच्या १९२७च्या उदाहरणातून कळतो: राजा मेला आणि मग राणी मेली ही कथा, राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली हे कथानक. 'अपरिचितीकरण' रशियन समीक्षक श्क्लॉव्स्कीचं, १९१७चं: सवयीने दिसेनाशी झालेली वस्तू पुन्हा पहिल्यांदा पाहिल्यासारखी दिसायला लावणं. आमची काठी इथेही उपयोगी पडेल.

'संहिता' मात्र सावकाश घ्या. नाटकवाल्यांची संहिता म्हणजे हातात असलेली नाटकाची प्रत. वेदांची संहिता वेगळी. आणि फ्रेंच विचारवंत रोलां बार्थच्या मागून येणारा समीक्षक संहिता म्हणतो तेव्हा तो 'साहित्यकृती' हा शब्द जाणूनबुजून टाळत असतो, कारण कृती म्हटली की कर्ता आला आणि या समीक्षकाला तर कर्ता मधून काढायचाय.

काही शब्द निव्वळ योगायोगाने टिकले. केशवसुतांनी सॉनेटला 'चतुर्दशक' म्हटलं, चौदा ओळी मोजून. रुळला 'सुनीत', कानाला सॉनेटसारखा लागणारा. बाणभट्टाच्या नायिकेचं नाव, कादंबरी, मराठीत आणि कन्नडमध्ये एका अख्ख्या साहित्यप्रकाराचं नाव होऊन बसलं. इथे तर्क शोधत बसू नका.

कोशांबद्दल: भाषा संचालनालयाचा परिभाषा कोश फक्त प्रतिशब्द देतो, समजावत नाही. समजून घ्यायला 'वाङ्मयीन संज्ञा-संकल्पना कोश' आणि विश्वकोशातल्या नोंदी वाचा. वही करायचीच तर व्याख्येच्या जागी तीन गोष्टी लिहा: शब्द कुणाचा, तो कुठल्या शब्दाच्या विरोधात उभा आहे, आणि तुमचं स्वतःचं एक उदाहरण. सुरुवात 'वक्रोक्ती'पासून करा. तिच्यासाठी मात्र तीन पानं कोरी सोडा.