खाण्याच्या विकारांवरच्या इंग्रजी किशोर कादंबऱ्या वास्तव दाखवतात का? दहावीतल्या मुलीला द्याव्यात का?

अर्धंच दाखवतात: डोक्यातली झटापट बहुधा खरी उतरते, आजाराची व्याप्ती मात्र नाही. नाशिकरोडला किशोरवयीन मुलांचं समुपदेशन करते, त्यावरून सांगते. लॉरी हॉल्स अँडरसन यांच्या ‘विंटरगर्ल्स’मध्ये (२००९) लिया या नायिकेच्या मनात येणारी खरी इच्छा छापतानाच खोडलेली दिसते आणि पुढे तिने स्वतःला बजावलेलं वाक्य येतं. हे फार नेमकं आहे. ताट पुढ्यात आलं की असंच होतं, असं मुली सांगतात. पण अशा कादंबऱ्यांत नायिका बहुतेक वेळा हाडकुळी आणि ॲनोरेक्सियाचीच, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडणारी. बुलिमियात, म्हणजे भरमसाट खाऊन ते उलटी वगैरे करून काढून टाकण्याच्या विकारात, वजन अनेकदा नेहमीसारखंच असतं आणि हे विकार मुलग्यांनाही होतात, ते क्वचितच येतं. शिवाय आपल्याकडे ‘आज उपवास आहे’, ‘क्लासवरून येताना मिसळ खाल्ली’ एवढ्यावर घरचे निर्धास्त होतात, ते तिथे कुठून येणार! द्यायला हरकत नाही, फक्त आधी स्वतः वाचा. एक मात्र: ‘विंटरगर्ल्स’मध्ये कॅलरी आणि वजनाचे आकडे भरपूर आहेत. मुलगी आत्ताच जेवण टाळत असेल किंवा जेवून लगेच बाथरूममध्ये जात असेल, तर पुस्तक राहू द्या आणि आधी डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वरही मराठीत बोलता येतं.