ज्या चित्रपटांत ‘काहीच घडत नाही’, ते मोठे का मानले जातात?

स्थिर कॅमेरा, लांबलेली दृश्ये आणि नावापुरते कथानक असलेल्या चित्रपटांचे कौतुक गुणांमुळे होते की प्रतिष्ठेपोटी, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. माझ्या मते रोजच्या सवयीत आणि सरकारी रीतीत मुरलेली घुसमट दाखवण्यात ही मिनिमलिस्ट, म्हणजे मोजक्या साधनांत भागवणारी, शैली अतुलनीय आहे.

बेल्जियन दिग्दर्शिका शांताल आकरमान यांच्या १९७५ च्या, २०१ मिनिटांच्या ‘झान दिएलमान’मध्ये ब्रुसेल्समधील एका विधवेची तीन दिवसांची घरकामे कॅमेरा समोरून, न हलता पाहत राहतो. पहिल्या दिवशी तिचा क्रम आपल्या इतका अंगवळणी पडतो की दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजले, एवढ्यानेच आपला जीव धास्तावतो. वेगवान संकलनाने ही धास्ती निर्माण होऊ शकली नसती, कारण तिच्यासाठी प्रेक्षकाचा वेळ खर्च व्हावाच लागतो.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) हेच बळ न्यायालयाकडे वळते. चित्रपटातील लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप आहे. कामगाराची पत्नी साक्षीत सांगते की तो गटारात उतरण्यापूर्वी, आत श्वास घेण्याजोगी हवा आहे का हे कळावे म्हणून, खडा टाकून झुरळे बाहेर येतात का ते पाहत असे. कॅमेरा तिच्या दुःखाला कवटाळत नाही, पार्श्वसंगीत आपल्याला रडायला सांगत नाही. म्हणूनच ते वाक्य कामकाजाच्या नोंदीसारखे कोरडे येते आणि अधिक बोचते.

मर्यादाही याच चित्रपटात दिसतात, आणि त्या मला गंभीर वाटतात. सुनावणीनंतर आपण दोन्ही वकिलांच्या घरी जातो, न्यायाधीशांच्या सहलीलाही जातो, पण कांबळे यांच्या मनात काय चालले आहे हे जवळजवळ कळत नाही. दुरून पाहणारी शैली व्यवस्थेचे यंत्र अचूक टिपते. त्या यंत्रात सापडलेल्या माणसाचा आतला कल्लोळ मात्र तिच्या हाती सहसा लागत नाही. (फ्रेंच दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँ यांनी हात, पावले आणि आवाज यांतून या कल्लोळापर्यंतची वाट शोधली होती, पण ती साधणारे फार थोडे.) कांबळे ज्या चळवळीसाठी गातात तिचा संताप दाखवायचा तर केवळ संयम पुरत नाही. ‘कोर्ट’मध्ये ती धग शाहीर संभाजी भगत यांच्या गाण्यांतून येते, आणि ती गाणी मुळीच मिनिमलिस्ट नाहीत.