वजन काट्यावरचं आणि हाताखालचं

प्रश्न : सहा वर्षं 125 ची टू-स्ट्रोक चालवली. आता नवी 250 ची फोर-स्ट्रोक डर्ट बाइक घेतली आहे. पुस्तिकेत वजन 104 किलो लिहिलंय. पहिल्याच दिवशी मोटोक्रॉसच्या ट्रॅकवर दोन तास चालवली आणि मन खट्टू झालं. वळणात गाडी आत यायलाच तयार नाही, पुढचं चाक बाहेर पळतं. उतारावरच्या वळणांत चार वेळा बंद पडली. जुन्या गाडीचा तो एकदम लागणारा जोर कुठे जाणवतच नाही. वीस मिनिटांत कोपराखालचे हात दगडासारखे होतात. मित्र सायलेन्सर आणि पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) बदलायला सांगतात. माझं वजन 86 किलो. गाडी निवडताना चूक झाली का?

उत्तर : काहीही विकत घेऊ नका, निदान सॅग, म्हणजे भाराखाली गाडीचा मागचा भाग किती दबतो ते, मोजून होईपर्यंत तरी. तुमचं पत्र वाचताना माझी नजर त्या 86 किलोवर अडकली. त्यात हेल्मेट, बूट, गुडघ्याचे ब्रेस, पाठीवरचं पाणी धरा, म्हणजे 95 च्या आसपास जाल. या वर्गातल्या गाड्यांना कारखान्यातून येणारी स्प्रिंग साधारण 70 ते 80 किलोच्या स्वाराचा अंदाज धरून बसवलेली असते. तुम्ही बसलात की गाडी मागून जास्त दबते आणि पुढून वर उचलली जाते. पुढच्या टायरवर पुरेसा भार राहत नाही, मग ते माती धरण्याऐवजी बाहेर सरकतं. गाडी आत घ्यायला तुम्हाला जोर लावावा लागतो, आणि तो जोर तुमच्या मनात 'वजन' म्हणून नोंदला जातो.

माझ्या बाबतीत उलटं झालं होतं. सगळं अंगावर चढवून मी 64 किलो. पहिली 250 फोर-स्ट्रोक हातात आली त्या दिवशी सरळ पट्ट्यावर हँडल इतकं थरथरत होतं की मी दर फेरीनंतर थांबून फोर्कचे क्लिकर (पुढचं सस्पेन्शन मऊ-कडक करायचे स्क्रू) फिरवत होते. दोन आत, चार बाहेर, परत दोन आत. सूर्य कलल्यावर कुणीतरी टेप आणून दिली तेव्हा मागचा सॅग निघाला 88 मिलिमीटर. मागचा भाग उंचच राहत होता आणि सगळा भार पुढे येत होता. मागच्या शॉकची स्प्रिंग आवळणारी रिंग सैल करत 102 वर आणलं आणि दुसऱ्या सकाळी तीच गाडी त्याच पट्ट्यावर सरळ धावली. एक अख्खा दिवस वाया गेला याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून तुम्हाला इतक्या कळकळीने सांगते आहे.

मोजायचं असं. गाडी स्टँडवर चढवा, मागचं चाक अधांतरी हवं. अॅक्सलच्या मध्यापासून सरळ वर, मागच्या मडगार्डवर चिकटपट्टीचा तुकडा लावून खूण करा आणि अंतर घ्या. समजा 602 आलं. आता गाडी खाली घ्या. पूर्ण पोशाखात, फुटपेगवर उभे राहून, चालवताना असता तसे पुढे झुका. एकाने हँडल नुसतं सावरायचं, दुसऱ्याने मोजायचं. दोन-तीनदा गाडी दाबून सोडा, म्हणजे सील अडकून आकडा चुकणार नाही. समजा 484 आलं, तर सॅग 118. तो असायला हवा 100 ते 105 मिलिमीटर. रिंग आवळत तिथपर्यंत या.

पुढची पायरी बहुतेक जण सोडून देतात. आता गाडीवरून उतरा आणि रिकाम्या गाडीचा सॅग मोजा. तो 30 ते 40 च्या दरम्यान यायला हवा. 30 च्या खाली आला, तर स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे. ऐकायला उलटं वाटतं, पण मऊ स्प्रिंग इतकी आवळावी लागते की रिकामी गाडी वर ताणलेलीच राहते. तुमच्या वजनाला बहुधा असंच होईल. मग एक पायरी कडक स्प्रिंग जरूर घ्या, पुढच्या फोर्कलाही त्या बेताची. सायलेन्सरआधी पैसे इथे घाला.

आता गाडी बंद पडण्याबद्दल. ही सवय टू-स्ट्रोकची आहे. तिथे थ्रॉटल सोडला तरी इंजिन गाडीला फारसं अडवत नाही. त्यामुळे वळणाआधी मागच्या ब्रेकवर पाय दाबून धरायची सवय लागते. फोर-स्ट्रोकमध्ये थ्रॉटल मिटला की इंजिन स्वतःच ब्रेकसारखं धरतं. त्यावर तुम्ही पाय तितकाच दिला की मागचं चाक जागच्या जागी लॉक होतं आणि चाकासोबत इंजिनही थांबतं. तुमच्या चारही वेळा उतारावरच्याच आहेत, हे पाहा. मागचा ब्रेक अर्ध्यावर आणा, एक बोट क्लचवर ठेवा, आणि जिथे जुन्या गाडीवर दुसरा गिअर लावत होता तिथे तिसरा लावून बघा. वळणाच्या मध्यात थ्रॉटल पूर्ण मिटू नका, केसभर उघडा राहू द्या. गाडी आत झुकायला लगेच सोपी होईल, कारण मधेच थ्रॉटल मिटल्याने बसणारा हिसका जाईल.

आणि 'जोर नाही' म्हणता, ते तुम्ही घड्याळ लावून तपासलं का? 125 टू-स्ट्रोकचा जोर एका अरुंद पट्ट्यात एकदम येतो, पाठीत लाथ बसल्यासारखा. फोर-स्ट्रोकचा जोर खालून चढत जातो, त्यामुळे अंगाला काही घडलं असं वाटतच नाही. पहिल्या दिवशी मलाही आपण रेंगाळतोय असं वाटत होतं. सोबतच्या मुलीने वेळ लावली होती. जुन्या गाडीपेक्षा फेरीमागे 3 सेकंद कमी निघाले. अंगाला झालेला भास आणि घड्याळ यांत मी घड्याळावर विश्वास ठेवते.

इंजिन जास्त आरपीएमपर्यंत फिरवायला मात्र घाबरू नका. या इंजिनांचा बोअर (सिलिंडरचा व्यास) साधारण 78 मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) जेमतेम 52 असतो. इतका आखूड स्ट्रोक असतो तो वेगाने फिरण्यासाठीच. कमाल ताकद 12,000 आरपीएमच्या पुढेमागे मिळते. तुम्ही आवाज ऐकून लवकर गिअर टाकत असणार. ब्रेक-इनचे (नवं इंजिन रुळण्याचे) पहिले काही तास सांभाळून काढा, मग सरळ पट्ट्यावर अजून एक क्षण थांबून गिअर बदला. स्प्रॉकेटचा विचार त्यानंतर.

हात भरून येण्याचं अर्धं कारण वर आलंच: गाडी वळत नाही म्हणून तुम्ही हँडल ओढता. उरलेलं अर्धं नव्या फोर्कचं. सील अजून घट्ट असतात, ते मोकळे व्हायला काही तास लागतात. पुढचं चाक उचलून फोर्कच्या वरच्या स्क्रूंमधून साठलेली हवा सोडा. (फोर्क स्प्रिंगचा असेल तरच. हवेवर चालणारा असेल, तर पुस्तिकेतला दाब पंपाने भरा.) क्लच-ब्रेकचे लिव्हर थोडे खाली फिरवा, म्हणजे उभं राहिल्यावर मनगट वर वाकणार नाही. टायरमध्ये 12 ते 14 पीएसआय हवा. शोरूममधून आलेल्या गाडीत पुष्कळदा जास्त भरलेली असते.

पहिल्या 20 मिनिटांनंतर आरे तपासलेत का? नव्या चाकांचे आरे सैल होतात, चेनही ताणते. तेल पहिल्या दोन-तीन तासांतच बदला. टू-स्ट्रोकवाल्यांना मी एक गोष्ट आवर्जून सांगते: इथे तेल पेट्रोलात मिसळून जळत नाही, ते इंजिनाच्या आतच फिरत राहतं आणि ते फार थोडं असतं, म्हणून तासांचं मीटर बघून बदलत राहा. एअर फिल्टर दर वेळी धुवा. धूळ आत गेली की व्हॉल्व्हची बैठक झिजते, आणि ती दुरुस्ती टू-स्ट्रोकच्या पिस्टनसारखी एका दुपारी आटोपत नाही.

चूक झाली का, असं विचारलंत. 1997 मध्ये अमेरिकन स्वार डग हेन्रीने लास वेगासची सुपरक्रॉस (स्टेडियममधली मोटोक्रॉस) शर्यत यामाहाच्या 400 फोर-स्ट्रोकवर जिंकली, तोवर ही जात मोटोक्रॉससाठी जड आणि आळशी समजली जायची. 2001 मध्ये यामाहाची 250 आली आणि 125 वाले एकेक करून तिच्याकडे वळले. त्यांनाही चालवण्याच्या सवयी बदलाव्या लागल्या. सॅग नीट लावून दहा तास चालवा आणि मग मला पुन्हा लिहा. आकडे सोबत पाठवा: तुमच्यासकट सॅग, रिकाम्या गाडीचा सॅग, क्लिकर किती बाहेर.

प्रश्न : पुस्तिकेत 104 किलो, काट्यावर 110. फसवणूक म्हणायची का?

उत्तर : नाही. 104 हे बहुधा पेट्रोलशिवायचं वजन असेल, आकड्याखालची बारीक ओळ बघा. एक लिटर पेट्रोल पाऊण किलो, त्यामुळे 7 लिटरची टाकी भरली की सव्वापाच किलो वाढतात. उरलेलं पाऊण किलो इंजिनाखाली आणि मडगार्डच्या आत चिकटलेल्या चिखलात सापडेल. काही कंपन्या भरल्या टाकीसकट वजन देतात, काही पेट्रोल वगळून, म्हणून दोन गाड्यांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच प्रकारचे आहेत ना ते आधी पाहा. घरच्या काट्यावर करायचं, तर एकेक चाक वेगळं मोजा आणि बेरीज करा. दुसऱ्या चाकाखाली काट्याच्याच जाडीची फळी ठेवायला विसरू नका.