मसाल्यातलं बुरशीचं विष भाजल्यावर जातं का?

नाही जात. भाजल्यावर बुरशी मरते पण तिनं आधीच सोडलेलं अफ्लाटॉक्सिन हे विष बरंचसं तसंच राहतं, ते पूर्ण मोडायला साधारण 240 डिग्रीच्या वर टेम्परेचर लागतं आणि तेवढ्यात मसाला जळूनच जाईल. मिरची, सुंठ, जायफळ नीट न वाळवता ओलसरच पोत्यात भरलं की बुरशी धरते, आणि एकदा पावडर झाली की बघून काहीच कळत नाही, म्हणून शक्यतो अख्खा मसाला घ्या आणि कुबट वासाचा, आतून काळा-पांढरा झालेला सरळ फेकून द्या, धुऊन वापरू नका प्लीज. अफ्लाटॉक्सिनच्या बी1 या प्रकारानं लिव्हरचा कॅन्सर होतो हे सिद्ध झालंय, युरोपात तर मिरचीत ते किलोमागे 5 मायक्रोग्रॅमच्या वर चालतच नाही. एकदा खाल्लं म्हणून घाबरू नका, रोज थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात जाणं जास्त वाईट.