सासूबाईंच्या खोलीतला एसी: एफडी मोडावी की हप्ते घ्यावेत?

प्रश्न: आम्ही भांडुपला जुन्या इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. सासूबाई 76 वर्षांच्या, बीपीची गोळी चालू आहे. त्यांच्या खोलीत एसी बसवायचाय. फाइव्ह स्टार रोखीनं 40,000, 'नो कॉस्ट' हप्त्यांवर 43,000, बारा महिने. थ्री स्टार 9,000नं स्वस्त. एसी फक्त रात्री आठ तास लावू. महिन्याचा खर्च 38,000, एसआयपी 5,000, आणि 40,000च्या तीन एफडी आहेत. की 8,000चा कूलर घेऊन भागवावं?

ताई, कूलर नको. पाण्याची वाफ होताना हवा गार होते, त्यावर कूलर चालतो. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात ते जमतं. मुंबईच्या दमट हवेत पाणी नीट वाळतच नाही. खोली ओलसर होईल आणि घाम अंगावरच राहील.

आता स्टारचं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत फाइव्ह स्टारच्या लेबलवर वर्षाला 750 युनिट आहेत, थ्री स्टारच्या 965. हे आकडे वर्षाला 1,600 तास वापर धरून काढलेले असतात. साडेतीन महिने रोज आठ तास म्हणजे 840 तास. तेवढ्यात फरक पडतो 113 युनिटांचा. तुमच्या बिलात वरच्या टप्प्यातलं युनिट 13 रुपयांना पडतं, म्हणजे वर्षाला जेमतेम दीड हजार वाचले. जास्तीचे 9,000 वसूल व्हायला सहा वर्षं. फक्त रात्रीसाठी थ्री स्टारच ठीक, असं मी सरळ सांगितलं असतं.

पण 'फक्त रात्री' हेच मला पटत नाही. दिवसभर घरी सासूबाईच असतात आणि दुपारी एकपासून तो स्लॅब तव्यासारखा तापतो. या वयात, बीपीची औषधं चालू असताना, उकाडा अंगावर काढणं धोक्याचं आहे. ज्यांच्यासाठी एसी घेताय, त्यांनाच दुपारी तो बंद ठेवायला सांगायचं, ही बचत नव्हे. दुपारचे चार तास धरा. मग तास होतात 1,260, वर्षाला सुमारे 2,200 रुपये वाचतात आणि चार वर्षांत पैसे वसूल. म्हणून फाइव्ह स्टार घ्या. 26 वर ठेवा, सोबत पंखा हळू चालू द्या, आणि रिमोट त्यांच्या उशाशी असू द्या. उन्हाळ्यात बिल महिन्याला साधारण 2,200नं वाढेल. ते आत्ताच खर्चात धरा.

हप्ते घेऊ नका. रोखीत जी वस्तू 40,000ला मिळते तिचे 43,000 भरायचे, तर व्याज सुमारे साडेतेरा टक्के पडतं. वर प्रोसेसिंग फी आणि हप्त्यातल्या व्याजावर जीएसटी असेल तर तो वेगळा. एफडी मुदतीआधी मोडल्यावर होणारं नुकसान याहून बरंच कमी. तीनपैकी सर्वांत अलीकडे ठेवलेली मोडा. हातात 80,000 उरतात, म्हणजे दोन महिन्यांचा खर्च. हे कमी आहे, म्हणून जो 3,583चा हप्ता भरायची तुमची तयारी होती, त्याच पैशांतून ही रक्कम परत उभी करा: मेअखेरपर्यंत, वाढीव बिल भरावं लागेल तोवर, महिन्याला दीड हजार बाजूला टाका, जूनपासून साडेतीन हजारांची आरडी. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत एफडी जवळपास भरून निघते. एसआयपीला हात लावू नका.

सासूबाईंच्या खोलीतला जुना पंखाही बदला. साधा पंखा 75 वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, 30च्या आसपास. रोज 16 तास चालला तर वर्षात दोनशेहून जास्त युनिटं वाचतात. दहा रुपये दर धरला तरी 3,000चा पंखा दीड वर्षात फिटतो.

आणि सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग मारायचा विषय काढा. वरच्या मजल्यावरच्या बाकीच्या घरांनाही सोबत घ्या. गच्ची सगळ्यांची असली, तरी ताप तुम्हालाच होतो. स्लॅब कमी तापला तर एसीला कमी राबावं लागेल. गच्चीवर गळती असेल, तर वॉटरप्रूफिंग आणि रंग एकाच कामात करून घ्या, म्हणजे मजुरी दोनदा द्यावी लागणार नाही.