डेडलाईन आली की सुचतं, मग ते खरं लिखाण का?

यावेळी पत्रं भरपूर आलीत आणि गंमत म्हणजे बहुतेकांचा प्रश्न फिरूनफिरून तोच, आपण लिहितो ते ज्या कारणासाठी लिहितो ते कारण पुरेसं थोर आहे का. त्यातली चार घेतलीत, जरा कापून.

मी दरवर्षी दोन-तीन दिवाळी अंकांत कथा देतो. पण संपादकांचा फोन येईपर्यंत एक ओळ सुचत नाही. बाकीचे म्हणतात आतून आल्याशिवाय आम्ही लिहीत नाही. मग मी लेखक की ऑर्डर घेऊन माल देणारा? – एक वाचक, कोल्हापूर

ऑर्डर घेऊन माल देण्यात वाईट काय ते आधी सांगा बघू. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं, संपादकही तेच आणि कादंबऱ्या लिहिणारेही तेच, म्हणजे अंक निघायचा तर मजकूर हवाच, मूड असो नसो. 'पण लक्षात कोण घेतो' अशीच हप्त्याहप्त्यानं आली. त्यातल्या नायिकेची, यमूची हकिगत वाचताना कुणाच्या मनात तरी येतं का की हे पानं भरायची होती म्हणून लिहिलंय? आता याची दुसरी बाजूपण आहे, हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या अर्धवटच राहिल्या, ते पण त्याच धबडग्यात.

फोन माणसाला फक्त टेबलाशी बसवतो हो. कुठली कथा लिहायची ते फोन सांगत नाही. फोन आल्यावर जे सुचतं ते बहुतेक वेळा वर्षभर डोक्यात कुठेतरी पडून असलेलंच असतं, आणि तसं नसेल, गेल्या वर्षीचीच कथा नावं बदलून येत असेल, तर मात्र काळजी करा, कारण ते आम्हाला दुसऱ्या पानावरच कळतं. बाकी ते "आतून आल्याशिवाय लिहीत नाही" म्हणणारे, त्यांनापण ऑगस्टमध्ये आम्हीच फोन करतो, काय सांगायचं आता.

सहा वर्षं झाली, एकच कादंबरी चालू आहे. नेमाडेंनी 'कोसला' पंधरवड्यात लिहिली असं कुणीतरी सांगितलं आणि हातपायच गळाले. माझ्यात ती आगच नाही का? – एक वाचक, नांदेड

ताई, अर्धी गोष्ट सांगणारे लोक फार. 'कोसला' १९६३ ची, साधारण पंधरा-सोळा दिवसांत लिहून झाली हे खरं, लेखक पंचविशीतला, गावी सांगवीला होता. पण त्याच माणसाची 'हिंदू' छापून आली २०१० मध्ये आणि तिची वाट वाचक कित्येक वर्षं बघत होते, तेव्हा आग विझली होती म्हणायचं का? 'कोसला' लिहायला पंधरवडा लागला असेल पण पुण्यात काढलेली कॉलेजची वर्षं त्यात आली ती काय पंधरवड्यात जगून झाली होती का. लिहिण्याचे दिवस मोजता येतात म्हणून आपण तेवढेच मोजतो, त्याआधीचे कोण मोजणार.

चित्रकारांत गायतोंडे बघा. वासुदेव गायतोंडे, नागपूरचा जन्म, मूळ गोव्याचे, शिकले मुंबईत जे. जे. मध्ये आणि नंतर दिल्लीत निजामुद्दीनला एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत राहून काम करत राहिले. वर्षाला मोजकीच चित्रं व्हायची. रोलर, पॅलेट नाइफ घेऊन थरावर थर द्यायचे, खरवडायचे, परत द्यायचे, आणि प्रत्यक्ष रंग लावण्यापेक्षा विचारात जास्त वेळ जायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटणार माणूस नुसता बसलाय. त्यांच्या मागे २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन झालं, पण ते सोडा, मुद्दा तो नाहीये.

मुद्दा हा की तुम्ही थांबलाय की टाळताय ते तुमचं तुम्हालाच माहितीये. सहा वर्षं पहिलंच प्रकरण सुधारत असाल तर ते टाळणं आहे. मग सरळ शेवटचं प्रकरण लिहून टाका, वाईट लिहा, पण लिहा. आणि सहा वर्षांत कादंबरीतली माणसं तुम्हाला नव्यानं कळत असतील तर चालू द्या, घाई कुणाला आहे?

मी तालुक्याच्या गावात डॉक्टर आहे, कविता करतो. ज्याला ऐकवतो तो "वा डॉक्टर वा" म्हणतो. त्यातले निम्मे पेशंट. ही कविता चांगली आहे हे कळायचं कसं? आणि कौतुकासाठी लिहिणं चूक का? – एक डॉक्टर

प्रश्न आवडला. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी यावर जो उपाय केला तो तुम्हाला चपखल बसेल. अहमदाबादला एका परिषदेत भाषण फारच रटाळ चाललेलं म्हणून त्यांनी तिथेच कागद घेऊन विज्ञानकथा लिहायला घेतली. म्हणजे प्रेरणा काय तर कंटाळा! १९७४ मध्ये ती 'कृष्णविवर' कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली, पण तोवर पद्मभूषण मिळून जवळजवळ दहा वर्षं झालेली, नाव बघूनच बक्षीस दिलं असं व्हायला नको, म्हणून नारायण विनायक जगताप हे नाव घेतलं, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. अक्षर कुणी ओळखेल म्हणून कथा पत्नीच्या हातानं लिहून घेतली. पहिलं बक्षीस आलं आणि मग पुढे ते लिहितच राहिले.

तर डॉक्टर, नाव बदला आणि लांबच्या एखाद्या अंकाला पाठवा, जिथे कुणाला तुमच्याकडून औषध घ्यायचं नाहीये. साभार परत आली तरी ती खरी माहिती असेल. आणि कौतुक हवं असणं चूक वगैरे काही नाही. अशा वेळी लोक लगेच बहिणाबाईंचं नाव काढतात, बघा त्यांना ना लिहिता येत होतं ना छापून यायची हौस, शेतात नि जात्यावर गात राहिल्या. खरंय. पण मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी ते ऐकून टिपून ठेवलं, त्या १९५१ मध्ये गेल्यावर अत्र्यांना दाखवलं, तेव्हा कुठे १९५२ मध्ये आपल्या हातात आलं. कुणीतरी कान देऊन ऐकत होतं म्हणून ते उरलं. त्यांचं उदाहरण देऊन दुसऱ्याची वाचक मिळवायची इच्छा मारू नये असं आपलं मला वाटतं.

अप्लाइड आर्ट केलंय, ॲड एजन्सीत जॉब आहे. स्वतःचं काम करायला जॉब सोडावा का? सगळे म्हणतात कम्फर्टमध्ये कला होत नाही. – एक वाचक, ठाणे

सगळे म्हणजे कोण, घरभाडं तेच भरणार आहेत का? नको सोडू. कवी अरुण कोलटकर तुझ्याच लायनीतले, जाहिरातीतले नावाजलेले ग्राफिक डिझायनर. साठच्या दशकात जेजुरीला जाऊन आले आणि 'जेजुरी' पुस्तक झालं १९७६ मध्ये. मुंबईत काळा घोड्याच्या वेसाईड इन रेस्टॉरंटमध्ये बसून समोरचा चौक वर्षानुवर्षं बघत राहिले, त्या कविता पुस्तकात आल्या २००४ ला, ते गेले त्याच वर्षी. पोट जाहिरातीवर होतं म्हणून कवितेला कुणाचं ऐकायची गरज पडली नाही.

आणि हालअपेष्टांनी कला येते हे तर फार चीड आणणारं बोलणं आहे. अण्णा भाऊ साठे घाटकोपरला चिरागनगरच्या झोपडीत राहून लिहीत होते, १९६९ मध्ये गेले तेपण हलाखीतच. ते झोपडीमुळे लिहीत नव्हते रे, झोपडी असूनसुद्धा लिहीत होते, धड घर असतं तर अजून लिहिलं असतं.

हां, जॉबमध्ये रात्री अकरापर्यंत डोकं पिळून निघत असेल तर जॉब बदल. एजन्सीज भरपूर आहेत.

जाताजाता, पुण्याच्या एकांनी विचारलंय लिहायला पहाट चांगली की रात्र. घरातले झोपलेले असतील ती वेळ. आणि कृपा करून प्रश्नासोबत कादंबरी जोडू नका, त्या वेगळ्या टेबलावर जातात आणि तिथे रांग मोठी आहे.